युरोव्हिजन: देशाचं गाणं राष्ट्रीय फेरीतून निवडावं की वाहिनीने थेट ठरवावं?

स्वरलेखा

युरोव्हिजनला, म्हणजे दर मे महिन्यात होणाऱ्या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेला, गाणं पाठवण्याचा हक्क सरकारकडे नसतो, तो ईबीयू या युरोपीय प्रसारण संघटनेच्या सदस्य असलेल्या सार्वजनिक वाहिनीकडे असतो. ते गाणं कसं निवडायचं, यावर ईबीयूचं जवळजवळ काहीच बंधन नाही. त्यामुळे एकेका देशाची तऱ्हा वेगळी आहे. स्वीडन सहा शनिवार घालवून ३० गाण्यांतून एक काढतं. इटली आपल्या सान रेमो या गीतमहोत्सवाच्या विजेत्याला आधी विचारते. ब्रिटनमध्ये २०१९ नंतर बीबीसीने लोकांची मतं घेणं थांबवलं आणि आतल्या आत ठरवायला सुरुवात केली.

निकालांवरून पद्धतीचा अंदाज लावायला गेलं तर हाती काही लागत नाही. पोर्तुगाल २०१७, इटली २०२१, स्वीडन २०२३ हे विजय उघड स्पर्धांतून आले. ऑस्ट्रियाचे २०१४ आणि २०२५ चे, नेदरलँड्सचा २०१९ चा आणि स्वित्झर्लंडचा २०२४ चा विजय अंतर्गत निवडीतून आला. माझे प्रश्न असे:

१. पद्धतीचा आणि निकालाचा खरंच संबंध आहे का?
२. स्पेनच्या राष्ट्रीय फेरीत २०२२ साली प्रेक्षकांची सुमारे ७० टक्के मतं मिळवणारं गाणं तिसरं आलं. हे नेमकं कोणत्या हिशेबाने झालं?
३. जिंकलेल्या कलाकाराने जायला नकार दिला तर काय करतात?
४. एखाद्या छोट्या वाहिनीला शून्यापासून राष्ट्रीय फेरी उभी करायची असेल तर कामांचा क्रम कसा लावावा?

खर्ज

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमध्येच सापडतं. २०२२, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी निवड अंतर्गतच होती. २०२२ ला सॅम रायडर ४६६ गुणांसह दुसरा आला आणि परीक्षकांच्या गुणांत तर पहिला होता. २०२४ ला ४६ गुण मिळाले, २०२५ ला ८८, आणि या दोन्ही वर्षी प्रेक्षकांकडून शून्य. वाहिनी तीच, पद्धतही तीच. मग निकालातला फरक पद्धतीच्या नावावर कसा टाकणार?

माझ्या मते निवड कुणी केली यापेक्षा निवडताना गाणं कोणत्या अवस्थेत होतं, हे जास्त महत्त्वाचं. फक्त ध्वनिमुद्रण ऐकून निवडलं असेल, तर मे महिन्यात जे दिसणार आहे त्यातला अर्धा भाग तुम्ही तपासलेलाच नसतो. मे महिन्यात मुख्य आवाज प्रत्यक्ष गायलेलाच लागतो. २०२१ पासून मागचे आवाज ध्वनिमुद्रित चालतात आणि वाद्यं सगळी मुद्रितच असतात. म्हणजे मंचावर खऱ्या अर्थाने जिवंत असतो तो एक गळा. तो गळा नाचत, पळत, कानात यंत्र घालून, समोरच्या हजारो लोकांच्या आवाजात सूर धरतो की नाही, हे स्टुडिओतल्या मुद्रणावरून कधीच कळत नाही.

यात आणखी एक गोष्ट धरा. परीक्षक गुण देतात ते प्रक्षेपणाच्या आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर. अंतिम फेरीसाठी शुक्रवारी संध्याकाळी परीक्षकांसमोर, शनिवारी दुपारी पुन्हा तालीम आणि शनिवारी रात्री थेट, असं एका दिवसाच्या अवधीत तीनदा पूर्ण ताकदीने गावं लागतं. वरचा स्वर एकदा लागला म्हणून खूश होऊन निवडलेल्या गायकाचा आवाज तिसऱ्या वेळेला बसतो. राष्ट्रीय फेरी घ्या किंवा घेऊ नका, पण उमेदवाराला सलग तीनदा, मंचावरच्या हालचालींसह गाऊन बघायला सांगा. अंतर्गत निवडीतही हे सहज करता येतं, आणि नेमकं तेच वगळलं जातं.

मात्रागणित

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मतांचं गुणांत रूपांतर करताना तिथे काय झालं ते पाहा.

बेनिदोर्म फेस्टचा, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय फेरीचा, नियम होता: परीक्षक ५० टक्के, निवडलेल्या नमुना प्रेक्षकांचा गट २५ टक्के आणि फोन-मतदान २५ टक्के. नमुना गट आणि फोन यांची मतं टक्केवारीने मोजली नाहीत, क्रमांकावर बसवली. पहिल्याला ३० गुण, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. तान्शुगेइरास या गॅलिशियन त्रिकुटाला फोनवर सुमारे ७० टक्के मतं पडली, म्हणून ३० गुण. शेवटी जिंकलेल्या चानेल या गायिकेला ४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, पण क्रमांक तिसरा, म्हणून २०. अंतर ६६ टक्क्यांचं आणि फरक १० गुणांचा! परीक्षकांकडे मात्र चानेल ५१ आणि तान्शुगेइरास ३०. शेवटी चानेल ९६, रिगोबेर्ता बान्दिनी ९१, तान्शुगेइरास ९०. त्या त्रिकुटाने दोन्ही लोकमतांत पैकीच्या पैकी गुण घेतले होते, तरीही.

फोनचे १०० गुण टक्केवारीप्रमाणे वाटले असते तर ७० विरुद्ध ४ असा हिशेब झाला असता आणि परीक्षकांना तो उलटवता आला नसता. कागदावर वाटा २५ टक्केच दिसतो, पण क्रमांकाची पद्धत लावली की मोठी आघाडी दाबली जाते आणि परीक्षकांच्या गुणांत पसारा जास्त असेल तर खरं वजन त्यांच्याकडे सरकतं. नियम लिहिणाऱ्याने टक्क्यांचा वाटा लिहून थांबू नये. पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकातलं अंतर प्रत्येक गटात किती असू शकतं, ते काढावं. खरा प्रभाव त्या अंतराचा असतो.

चानेल मे महिन्यात ४५९ गुणांसह तिसरी आली, हे लिहिलंच पाहिजे. म्हणजे निवड स्पर्धेच्या दृष्टीने उत्तम ठरली. पण आपलं मत मोजलंच गेलं नाही असं प्रेक्षकांना वाटलं, आणि निकालानंतर चानेलला समाजमाध्यमांवर भयंकर शिवीगाळ सोसावी लागली. नियमातल्या त्रुटीची किंमत एका कलाकाराने चुकवली, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वीडनची रचना याच्या तुलनेत अभ्यासण्यासारखी आहे. अंतिम फेरीत आठ आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळं. प्रत्येकाकडे १२, १०, ८, ७ ते १ असे ५८ गुण, एकूण ४६४. प्रेक्षकांचेही आठच गट: ३–९, १०–१५, १६–२९, ३०–४४, ४५–५९, ६०–७४ आणि ७५ च्या पुढे असे सात वयोगट ॲपवरून, आठवा फोनवाल्यांचा. त्यांच्याकडेही ४६४. पूर्वी ॲपवर सगळ्या गाण्यांना हृदयं, म्हणजे मतं, वाटली जायची, टक्केवारी एकमेकांना चिकटायची आणि परीक्षकांची आघाडी मोडायला प्रेक्षकांकडे अंतरच उरायचं नाही. २०१९ पासून वयोगट केल्यावर अंतर पुन्हा पडू लागलं. लहान मुलांचा गट आणि पंचाहत्तरीपुढचा गट यांचं वजन सारखं असल्यामुळे एकाच वयाच्या चाहत्यांची फौज निकाल ओढून नेऊ शकत नाही.

पडघम

मात्रागणित, हिशेब पटला. पण त्यातून ‘प्रेक्षकांना जास्त वजन द्या’ असा निष्कर्ष निघतो का, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

मे महिन्यात स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. राष्ट्रीय फेरीतला प्रेक्षक मात्र नेमका तोच असतो, ज्याचं मत पुढे उपयोगी पडणार नाही. त्याला गायक आधीपासून माहीत असतो, त्याच्या मालिका, वाद, जुनी गाणी माहीत असतात. बाहेरचा माणूस ते गाणं पहिल्यांदा आणि बहुतेक एकदाच ऐकणार. म्हणून आंतरराष्ट्रीय परीक्षक हवेतच. पण ते मेमधल्या प्रेक्षकासारखे वागायला हवेत, म्हणजे गाणं आधी महिनाभर न ऐकता, मंचावरचं पूर्ण सादरीकरण एकदा पाहून गुण देणारे.

फिनलंडने केलेला तोल मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. प्रेक्षक ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय परीक्षक २५. आणि गाणी फक्त सहा-सात. तीस गाण्यांवर थोडा थोडा खर्च करण्यापेक्षा सातांचं सादरीकरण जवळजवळ मे महिन्याच्या दर्जाचं उभं करतात. २०२३ ला कॅरिया हा गायक तिथून निघाला तेव्हा रंग, पोशाख, नर्तकांचा डाव सगळं ठरलेलं होतं. युरोव्हिजनमध्ये त्याने प्रेक्षकांचे ३७६ गुण घेतले, त्या रात्रीचे सर्वाधिक. परीक्षकांनी १५० दिले आणि एकूण ५२६ वर तो दुसरा आला. जिंकलेल्या स्वीडनच्या लोरीनकडे परीक्षकांचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३ होते.

यावरून निवड समितीने लक्षात ठेवायची एक गोष्ट: फोन-मतदानात नापसंतीचं मत नसतं. सगळ्यांच्या यादीत बारावं असलेल्या गाण्याला प्रेक्षकांकडून काहीच मिळत नाही. निम्म्या लोकांना अजिबात न आवडणारं आणि दहा टक्क्यांना वेड लावणारं गाणं मात्र भरभरून गुण नेतं. परीक्षक सगळी गाणी क्रमाने लावतात, तिथे नावडतं असण्याचा तोटा होतो. तरी २०१८ पासून वरच्या क्रमांकांना जास्त वजन दिल्याने एका परीक्षकाने खाली ढकललं तर पूर्वीइतकं नुकसान होत नाही. समितीच्या बैठकीत सहमती शोधत बसलात की नेमकं कुणालाच न खटकणारं गाणं निवडलं जातं आणि तेच प्रेक्षकांकडून रिकाम्या हाताने परत येतं. समितीला सरासरी काढू देऊ नका. प्रत्येक सदस्याला आपली पहिली तीनच गाणी लिहायला सांगा आणि कुणाच्याच यादीत पहिल्या क्रमांकावर नसलेलं गाणं बाद करा.

भाषेबद्दलही दोन शब्द. १९९९ पासून भाषेची सक्ती नाही. आइसलंडने निवडफेरीत एक छान मार्ग काढला: उपांत्य फेरीत गाणं आइसलँडिकमध्येच, अंतिम फेरीत मात्र युरोव्हिजनला ज्या भाषेत गाणार त्याच भाषेत. दोन्ही रूपं लोकांसमोर येतात, नंतर भाषा बदलून फसगत होत नाही. पोर्तुगालची वाहिनी संगीतकारांना आमंत्रण देते आणि संगीतकार आपला गायक निवडतो. २०१७ चं गाणं असंच आलं: लुईझा सोब्रालने लिहिलं, भाऊ साल्वादोरने पोर्तुगीजमध्ये गायलं आणि ७५८ गुण मिळवले. तब्येतीमुळे साल्वादोर सुरुवातीच्या तालमींना आला नाही, तेव्हा लुईझाच त्याच्या जागी उभी राहिली. ज्याला गाणं मुळापासून माहीत आहे असं माणूस पथकात असणं किती मोलाचं आहे, ते यातून दिसतं.

करारनामा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. इथे देशांनी इतके फटके खाल्ले आहेत की अजूनही कुणी करार शेवटच्या आठवड्यावर ढकलतं याचं आश्चर्य वाटतं.

जर्मनी, २०१५: आंद्रेआस क्यूमर्ट जिंकला आणि तिथेच, थेट प्रक्षेपणात, जायला नकार दिला. दुसरी आलेली आन सोफी गेली, शून्य गुण मिळाले. युक्रेन, २०१९: मारुव जिंकली, वाहिनीच्या कराराच्या अटी तिला मान्य झाल्या नाहीत, पुढच्या क्रमांकांनीही नकार दिला आणि देशाने त्या वर्षी माघारच घेतली. युक्रेन, २०२२: जिंकलेल्या अलीना पाशने रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाच्या प्रवासावरून झालेल्या वादानंतर माघार घेतली, दुसरा आलेला कालुश ऑर्केस्ट्रा गेला आणि ६३१ गुणांनी जिंकला, त्यात ४३९ प्रेक्षकांचे. इटली, २०२५: सान रेमोचा विजेता ऑली गेला नाही, लुचो कोर्सी गेला आणि पाचवा आला.

इटलीत गोंधळ होत नाही, कारण विजेत्याला ‘पहिला हक्क’ आहे, सक्ती नाही, आणि हे नियमातच लिहिलेलं असतं. सान रेमो ही स्वतःच मोठी गोष्ट आहे, १९५१ पासूनची. तिथे येणारा प्रत्येक जण युरोव्हिजनसाठी येत नाही. ज्या देशांची फेरी फक्त युरोव्हिजनसाठी आहे, त्यांनी पुढील मुद्दे प्रवेशअर्जासोबतच सही करून घ्यावेत, जिंकल्यानंतर नव्हे:

– जिंकल्यास जाणार ही बांधिलकी, आणि माघार घेतल्यास दुसऱ्या क्रमांकाला किती तासांत विचारायचं ते.
– मे महिन्यातले जवळजवळ दोन आठवडे आणि त्याआधीचे प्रसिद्धीचे दिवस मोकळे असल्याची कलाकाराच्या व्यवस्थापकाची लेखी हमी.
– गाणं १ सप्टेंबरपूर्वी कुठेही व्यावसायिकरीत्या प्रकाशित झालेलं नाही, असं गीतकार-संगीतकारांचं प्रतिज्ञापत्र. एखाद्या मैफलीत गायलेल्या तुकड्याची चित्रफीत जालावर पडलेली असते आणि तीच नंतर वर येते, म्हणून स्वतः शोध घ्या.
– गायकाचं वय स्पर्धेच्या दिवशी किमान १६. नागरिकत्वाची अट ईबीयूची नाही. सेलिन डिऑन १९८८ ला स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकली होती. देशाला अट हवी असेल तर ती स्वतःच्या नियमात लिहावी.
– ईबीयूने शब्द बदलायला सांगितल्यास बदलण्याची तयारी. राजकीय मजकूर चालत नाही. जॉर्जियाचं २००९ चं गाणं याच कारणाने अडलं आणि त्यांनी माघार घेतली. बेलारूसला २०२१ मध्ये दुसरं गाणं पाठवूनही बाद व्हावं लागलं.

प्रसिद्धीचा, ध्वनिमुद्रणाचा, सादरीकरणाचा खर्च कोण करणार, हा आकडाही करारात लिहा. भांडणं तत्त्वांवर दिसतात, पण बहुतेक वेळा सुरू याच ओळीवरून होतात.

स्वरलेखा

सगळ्यांचे आभार. करारनामा, तुमचा ‘अर्जासोबतच सही’ हा मुद्दा अगदी पटला. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. मतदानाची यंत्रणाच ऐन वेळी कोसळली तर? आणि चौथा प्रश्न, वेळापत्रक. गाणं तीन मिनिटांत बसवायचं काम कुठल्या टप्प्यावर करावं?

मंचामागे

आधी यंत्रणा. नॉर्वेत २०२० च्या अंतिम फेरीत ऑनलाइन मतदान पहिल्याच टप्प्यात कोसळलं. त्यांच्याकडे ३० जणांचं राखीव परीक्षक मंडळ तयार होतं, त्यांच्या मतांवर पुढचे चार स्पर्धक ठरले. टीका झाली, पण कार्यक्रम थांबला नाही. राखीव मंडळ असणं आणि त्याचा वापर केव्हा होईल हे नियमात आधीच छापलेलं असणं, या दोन्ही गोष्टी लागतात. छापलेलं नसेल तर त्या रात्री घेतलेला प्रत्येक निर्णय संशयास्पद दिसतो. राखीव मंडळाने आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीवर मतं लिहून बंद पाकिटात ठेवावीत.

आता वेळापत्रक, मार्चकडून मागे मोजत. ईबीयूला मार्चच्या मध्यापर्यंत सगळं द्यावं लागतं: अंतिम गाणं, फक्त वाद्यांची प्रत, शब्द आणि त्यांची भाषांतरं, मंचाचा आराखडा. राष्ट्रीय अंतिम फेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतली तर विजेत्या गाण्याला हात लावायला जेमतेम आठवडा उरतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फेरी उरकलेली बरी. अल्बानिया तर डिसेंबरमध्येच जिवंत वाद्यवृंदावर निवड करतं, नंतर गाणं पुन्हा संयोजित करायला दोन महिने मिळतात. त्याचा धोका असा की लोकांनी निवडलेलं रूप आणि गेलेलं रूप यांत ओळख उरत नाही.

त्यामुळे: सप्टेंबरमध्ये आवाहन, ऑक्टोबरअखेर गाणी बंद. नोव्हेंबरमध्ये नावं झाकून ऐकणं. मग वीसेक गायकांना खोलीत बोलावून, साध्या साथीवर, दोनदा गायला लावणं. हा टप्पा वगळू नका, इथेच निम्मे गळतात. डिसेंबरमध्ये अंतिम सात-आठ ठरवून करार, जानेवारीत सादरीकरण, फेब्रुवारीत फेरी.

तीन मिनिटांची मर्यादा राष्ट्रीय फेरीतच लावा, पुढे ढकलू नका. सान रेमोची गाणी लांब असतात आणि नंतर कापावी लागतात. इटलीच्या मोनेस्किन या बँडनेही २०२१ ला गाणं छोटं केलं आणि काही शब्द बदलले. त्यांचं निभावलं, कारण गाण्याचा जोर आवर्ती ठेक्यावर होता. हळूहळू चढत जाणाऱ्या गाण्यात अर्धं कडवं काढलं की शेवटचा स्वर न कमावता आल्यासारखा वाटतो. कापायचंच असेल तर आधी सुरुवातीची वाद्यं, मग दुसरं कडवं अर्धं. चढण कापू नका. आणि शेवट आवाज हळूहळू मावळवत करू नका, मंचावर तो तुटल्यासारखाच वाटतो.

मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, नर्तक आणि मागचे गायक धरून. राष्ट्रीय फेरीत दहा जण नाचवून जिंकलेलं गाणं मे महिन्यात अपुरं दिसतं, म्हणून तीही मर्यादा तिथेच लागू करा. जिवंत प्राणी चालत नाहीत. मंचावरची मोठी वस्तू दोन गाण्यांमधल्या छोट्या चित्रफितीच्या वेळात, साधारण ४० ते ५० सेकंदांत, आत येऊन बसली पाहिजे. चाकं लावलेली, अरुंद दारातून जाणारी, दोन-तीन तुकड्यांत सुटणारी अशी ती हवी. वीज किंवा पाणी लागणारी असेल तर यजमान वाहिनीला फार आधी कळवावं लागतं.

छोट्या वाहिन्यांकडून सगळ्यांत जास्त राहून जातो तो कॅमेऱ्याचा तक्ता. पथक पोचण्याआधीच यजमान मंडळी तुमच्या गाण्याची तालीम बदली माणसं उभी करून घेतात आणि कोणता कॅमेरा कुठल्या मात्रेवर, हे त्या तक्त्यावरूनच बसवतात. तुमच्या कलाकाराच्या पहिल्या तालमीला साधारण अर्धा तास मिळतो. तक्ता कच्चा असेल तर तो अर्धा तास ‘इथे जवळून घ्या’ सांगण्यातच संपतो आणि आवाजाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मात्रागणित

एक पुरवणी. २०२६ पासून उपांत्य फेऱ्यांतही परीक्षक परत आणायचं ठरलं. २०२३ ते २०२५ तिथे फक्त प्रेक्षकांची मतं होती. परीक्षक मंडळ पाचावरून सातजणांचं झालं, त्यात किमान दोघे १८ ते २५ वयाचे. एका माणसाला एका पैसे भरण्याच्या मार्गाने देता येणारी मतं २० वरून १० वर आली. ‘फक्त प्रेक्षकांना पकडलं की उपांत्य फेरी पार’ हा त्या तीन वर्षांचा हिशेब यापुढे धरू नका. नव्या राष्ट्रीय फेरीच्या परीक्षक मंडळातही दोन तरुण परीक्षक घ्या, आणि परीक्षकांना ईबीयूचेच चार निकष द्या: गायन, मंचावरचं सादरीकरण, रचना व तिचं वेगळेपण, एकूण परिणाम. मे महिन्यात ज्या तराजूवर तोलणार, त्याच तराजूवर फेब्रुवारीत तोलून घ्या.

पडघम

हे निकष देताना चार निकषांचे वेगवेगळे गुण मागवून बेरीज करू नका. निकष डोळ्यांसमोर ठेवून सगळी गाणी एकाच क्रमाने लावायला सांगा, ईबीयूचे परीक्षकही तेच करतात. सुटे गुण मागितले की एखादा परीक्षक सगळ्यांना सात-आठ देतो, दुसरा दोन ते दहा वापरतो, आणि त्या दुसऱ्याचंच मत निकाल ठरवतं.